कलमाची पिशवी

आचऱ्याच्या कातळाच्या सड्यावर आई काजूचं कलम लावत होती. साडीवर बाबांचा जुना शर्ट होता. बाबा होते तेव्हा कलमाची काळी प्लास्टिकची पिशवी फाडायचे आणि मातीत राहू नये म्हणून याच शर्टाच्या खिशात कोंबायचे. शर्ट धुताना आई करवादायची. आजची पिशवी मी सावंतवाडीच्या प्रयोगशाळेत केली होती. बी काढून फेकलेल्या काजूच्या बोंडूंच्या रसावर वाढलेल्या जिवाणूंच्या अंगात साठलेलं, मातीत कुजणारं प्लास्टिक होतं ते. “आये, ही काढू नको. पिशवीसकट लाय, मातीत कुसान जातली.” आईने पिशवी हुंगली. “बोंडूचो वास येणा नाय गो.” मग कोयत्याच्या टोकाने तिने ती अलगद फाडली, मातीसकट कलम खड्ड्यात ठेवलं आणि पिशवीची घडी करून शर्टाच्या खिशात घातली. “अगो आये, ती कुसतली.” खिशावर हात ठेवून आई म्हणाली, “कुसांदे. पण हयच कुसांदे.”