चौपट

आयुष्यभर शिवणकाम केलेल्या आजींनी शिलकीचे पैसे बँकेच्या काउंटरवर ठेवले. "हे दुप्पट कधी होतील गं?"

"बहात्तरला व्याजदराने भागायचं, आजी. व्याज आठ टक्के, म्हणजे नऊ वर्षं," कारकून मुलगी म्हणाली.

"आणि चौपट?"

"अठरा."

"मग अठरा वर्षं हात लावायचा नाही."

फॉर्मवर आजींचं वय होतं सत्त्याहत्तर. मुलगी चांगलीच अवघडली. शेवटी आवाज शक्य तितका मऊ करत तिने विचारलं, "वारस म्हणून कुणाचं नाव घालू?"

"आईचं घाल. बाहेर बाकावर बसलीये. तीच म्हणाली, पोरी, नऊ वर्षांत मोडून खाऊ नकोस, जरा पुढचा विचार करायला शीक."