कान लावला की गप्प

गाडीचं दुखणं मिस्त्री कानानेच ओळखायचा. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. ठोका कुठून येतो ते लोखंडच सांगतं.

मेहुण्याची जुनी गाडी मात्र त्याला दाद देईना. टकटक चालू असायची, पण टोक टेकवलं रे टेकवलं की बंद. उचललं की पुन्हा सुरू.

"दाजी, ही आमच्या ताईवर गेलीय," मेहुणा म्हणाला. "तुम्ही विचारलंत की गप्प."

मिस्त्रीला हसू आलं. "बंद कर बघू."

मेहुण्याने किल्लीच काढून घेतली. इंजिन थांबलं. टकटक थांबली नाही.

"उद्या पोरांना घेऊन निघायचंय हो हिच्यातून," मेहुणा हळूच म्हणाला.

मिस्त्रीने पुन्हा टोक टेकवलं. टकटक थांबली. त्याने श्वास रोखून मूठ कानाशी दाबली. आत शांतता होती, पण दुसरंही कुणी श्वास रोखून बसलं असावं, तशी.

मग लोखंडाच्या पलीकडून, नेमकं त्याच्या टोकासमोर, दुसरं एक टोक अलगद येऊन टेकलं. आणि तिकडे कुणीतरी कान लावला.