रंगनाथभाऊंचा अभ्यास दौरा

शंभर वर्षं जुनी भुयारी रेल्वे नव्यासारखी कशी करतात, हे बघायला नगरसेवक रंगनाथभाऊ परदेशात जाऊन आले. नाशकात भुयारी रेल्वेच नाही, पण अभ्यासाला काय जातंय! इकडे हायवेखालच्या भुयारी मार्गात गुडघाभर गटाराचं पाणी. हायवेलगतच्या वस्तीतल्या विमलाबाईंची नात चैताली रोज जीव मुठीत धरून, डिव्हायडरवरून उडी मारून शाळेत जायची. अर्ज देऊन देऊन विमलाबाईंच्या चपला झिजल्या.

शेवटी त्या भाऊंच्या बंगल्यावर गेल्या.

"जय भीम, भाऊ. महिला मंडळाला तुमचा सत्कार करायचाय. शाल, फेटा, पेपरवाले, सगळं आहे."

भाऊ खुलले. "अहो मावशी, कशाला उगाच! कुठे ठेवलाय?"

"आपल्या हायवेखालच्या भुयारात. भुयाराचा अभ्यास करून आलेल्या माणसाचा सत्कार हॉलमध्ये शोभतो का?"

भाऊंचा चेहरा पडला, पण पेपरवाल्यांचं नाव ऐकून नाही म्हणवेना. बघता बघता पंप लागला, गाळ निघाला, दिवे आले, भिंतींना रंग चढला. फेटा बांधून भाऊंनी भुयारात तासभर भाषण ठोकलं. दुसऱ्या दिवशी चैताली कोरड्या पायांनी शाळेत गेली.

संध्याकाळी विमलाबाई पुन्हा बंगल्यावर हजर.


"भाऊ, तुमचा वाढदिवस जवळ आलाय. केक आपल्या वस्तीच्या सार्वजनिक संडासापाशी कापायचं ठरलंय."