चिठ्ठीची उलटी बाजू

बायांची नजर बिघडते म्हणून तंबूतल्या सिनेमात त्यांना पडद्याच्या पाठीमागं बसवायचा हुकूम तहसीलदारसाहेब, तुम्ही काढलात. गडी समोरून बघणार, बाया मागून. पडदा ओला केला की चित्र आरपार दिसतं, मग तक्रार कसली, हेही तुमचंच म्हणणं. सही ठोकायच्या आधी त्या मागच्या बाजूला एकदा तरी जाऊन बसला होतात का? नसालच. मग पंचेचाळीस साली कळंबात माणिकप्पा अडत्याच्या बैठकीत काय झालं ते ऐका.

भर दुपार. माणिकप्पाच्या शिवगंगेला बघायला वाशीचे पाहुणे आलेले. मुलगा शांतलिंग आणि त्याचे चुलते गुरुसिद्धप्पा. चुलत्यांनी पोरीला चालायला लावलं, सुई ओवायला लावली, तळहात उलटासुलटा करून बघितला. दात तेवढे मोजायचे राहिले.

शिवगंगा खाली मान घालून सगळं करत होती. पाहुण्यांनी होकार दिला की चैत्रात अक्षता. तिला कुणी विचारणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. थोरल्या बहिणीलाही कुणी विचारलं नव्हतं.

"शांतलिंगा, तुला काय विचारायचं ते विचार," चुलते म्हणाले.

शांतलिंगानं घसा साफ केला. आता स्वयंपाकाचं निघणार म्हणून शिवगंगेची आई पार्वतम्मा दाराआड उत्तर घेऊन तयारच होती. त्यानं विचारलं, बाजारतळावर टॉकीज आली होती, ती बघितली का.

बघितली, शिवगंगा म्हणाली. एका तिकिटात चार गोष्टी, चारी आजकालच्या पोरापोरींच्या प्रेमाच्या आणि फजितीच्या. तंबूत बाया पोट धरून हसल्या होत्या. कुठली आवडली, त्यानं विचारलं. तिसरी, ती म्हणाली, त्या डावखुऱ्या मास्तराची.

"मास्तर डावखुरा न्हाय," शांतलिंग म्हणाला.

"हाय की. चिठ्ठी डाव्या हातानं लिव्हतो. ती बी उर्दूत."

"उर्दूत? मराठीत लिव्हतो. म्या वाचली."

शिवगंगेची मान वर आली. हा आपली परीक्षा घ्यायला खोटं बोलतोय असं तिला वाटलं. निजामाच्या सरकारी उर्दूसारखी उजवीकडून डावीकडं चाललेली लेखणी तिनं आपल्या डोळ्यांनी बघितली होती. आईनं बघितली होती. मग पडद्यामागच्या पन्नास बाया आंधळ्या का, असं तिनं सरळ विचारून टाकलं. दाराआड बांगड्या जोरात वाजल्या, म्हणजे गप बस. ती गप बसली नाही. मास्तर डावखुराच, ती म्हणाली. उजवाच, तो म्हणाला.

"माणिकप्पा," गुरुसिद्धप्पा म्हणाले, "लग्न ठरायचंय अजून. यांचा संसार तर चालू झाला."

शांतलिंग हसला आणि हसता हसता थांबला. पानाच्या तबकातल्या ओल्या कातात त्यानं बोट बुडवलं, खांद्यावरचं पांढरं उपरणं ताणून धरलं आणि त्यावर तिच्या नावाचं पहिलं अक्षर काढलं. कात आरपार उतरला. मग त्यानं उपरणं तसंच दोन्ही हातांनी तिच्यासमोर उचलून धरलं, आपली बाजू आपल्याकडं, मागची तिच्याकडं.

शिवगंगा बघत राहिली. अक्षर तिचंच होतं, पण पाठ फिरवून उभं होतं, पडद्यामागून दिसलेल्या चिठ्ठीसारखं.

आठ दिवस आडावर बायांचा तोच विषय चालला होता. सिनेमातली पोरगी ती चिठ्ठी वाचते, घागर तिथंच टाकते आणि भर गावातून मास्तरामागं पळत सुटते. असं काय लिहिलं असंल त्यात? कुणी म्हणालं, पळून जाऊ म्हणाला असंल. कुणी म्हणालं, विष खातो म्हणाला असंल. उर्दू कुणाला येत होतं?

"काय लिव्हलं व्हतं त्यात?" तिनं विचारलं.

शांतलिंगानं उपरणं खाली घेतलं. चुलत्याकडं बघितलं नाही.

"'तुझ्या घरचे हो म्हणाले. तू काय म्हणतेस, ते मला कुणी सांगितलं नाही.' एवढंच."

मग गुरुसिद्धप्पा खाकरले, पोरगी बघून झाली म्हणाले. माणिकप्पानं लेकीला डोळ्यांनीच आतली वाट दाखवली. शिवगंगा जागची हलली नाही.

शांतलिंग गादीवरून उठला. कातानं डागाळलेलं उपरणं हातात घेऊन तिच्यासमोर येऊन उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते.

"मास्तरानं तरी विचारलं," शिवगंगा म्हणाली. "तुमी नुसतेच उभे. आज मी पडद्यामागं न्हाय. विचारा."