‘बुडीत’चा शेवटचा कार्यक्रम

शेवटचं गाणं संपलं. टाळी पडली नाही. पण कोणी उठलंही नाही.

ज्योत्सनाने माइकवर धन्यवाद म्हटलं. थोडं थांबून पुन्हा म्हटलं. गोसीखुर्दच्या धरणात गेलेल्या एका गावाची ही नवी वसाहत. शाळेच्या पटांगणात दोनशेक माणसं घरून आणलेल्या चटयांवर बसली होती. ती तशीच बसून राहिली.

ज्योत्सनाचा बँड रेगे वाजवायचा, म्हणजे मात्रा सोडून मागून ठेका पडणारं जमैकाचं संगीत. चौघांनी मिळून ‘बुडीत’ नावाचा अल्बम काढला होता. पहिल्या गाण्यात धरणाचं पाणी गावच्या वेशीत शिरतं, शेवटच्या गाण्यात शेवटचं घर खाली जातं. अल्बम लोकांपर्यंत पोचावा म्हणून ते जिल्हाभर कार्यक्रम करत फिरत होते. तुमसरला लोक तिसऱ्या गाण्याला उठले. साकोलीत दुसऱ्यालाच. तिथं एकाने जाता जाता विचारलं होतं, "काय भाऊ, तुमचा ठेका जेवून येते काय? दरवेळी उशिरा पडते."

इथं येताना गाडीत ठरलं होतं. आजही लोक उठून गेले तर बँड बंद. गिटार वाजवणाऱ्या अतुलने जवाहरनगरच्या कारखान्यातलं कंत्राटी काम धरायचं. ज्योत्सनाने पवनीला शिकवण्या घ्यायच्या. लोक उठलेच नाहीत तर काय, हे मात्र ठरलं नव्हतं.

अतुल वायर गुंडाळू लागला. "संपलं, हेच यायले समजलं नाही," तो म्हणाला.

ज्योत्सना खाली उतरली. पुढेच निर्मलाबाई बसल्या होत्या. उभा जन्म वैनगंगेत जाळं टाकलेली म्हातारी.

"आजी, झालं. घरी जा आता."

"काहून?"

"कार्यक्रम संपला."

"संपला कसा? आपल्या झाडीपट्टीत रातभरचं नाटक एका अंकात संपते काय? गाव बुडालं, तो पयला अंक झाला. मंग आम्ही इथं आलो. टिनाच्या खोलीत राहिलो. तलावात मासोळीचं बीज सोडलं. पोरीइचे लग्न केले. ते कोण सांगन? आन् पडदा पडल्याबिगर टाळ्या काहून वाजवू?"

मागून एक जण म्हणाला, "चहा पिऊन घ्या म्हणा त्यायले. मंग लावा."

ज्योत्सनाने अतुलकडे पाहिलं. वायर त्याच्या हातातच राहिली होती. तिने खरं तेच सांगितलं.

"दुसरा अंक आम्ही लिहिलाच नाही, आजी."

निर्मलाबाईंनी चटईवर सरकून तिला जागा करून दिली.

"मंग लिव ना माय. आता आम्ही कुठं उठून चाललो?"