रुळांवर बंद पडलेली गाडी

“व्हॉल्व्हच अडकतोय गं,” स्टिअरिंगमागे बसलेले डॅड पुन्हा म्हणाले. “बघ तू नीट.”

रोन्डाने इंजिन चालू ठेवूनच जुन्या पिकअपच्या व्हॉल्व्हला हातपंपाची नळी जोडली. इंजिनाचा थोडा धूर इंजिनातच परत सोडायचा, एवढंच त्या व्हॉल्व्हचं काम. गाडी उभी असताना तो उघडा राहिला, की इंजिन गुदमरतं. तिने पंप दाबून व्हॉल्व्ह उघडला. इंजिन अडखळलं. हवा सोडून तो मिटू दिला, आणि इंजिन लगेच सावरलं.

“झालं समाधान?” गॅरेजच्या दारातून तिचा भाऊ कर्ट म्हणाला. त्याने हात पुढेच केला होता. “व्हॉल्व्ह ठणठणीत आहे. डॅड, चावी द्या.”

गेल्या आठवड्यात ही गाडी रेल्वेच्या रुळांवर बंद पडली होती. आत डॅड आणि मॉम. मागून आलेल्या ट्रॅक्टरवाल्याने ती दोघांसकट ढकलून पलीकडे नेली, आणि पाठोपाठ मालगाडी धडधडत गेली. कर्ट म्हणे, डॅडचं वय झालं, क्लचवरून पाय सटकला. मॉम चकार शब्द काढत नव्हती. नेब्रास्कातल्या त्या आडगावात चावी गेली म्हणजे शेत गेलं, सकाळची मित्रांसोबतची कॉफी गेली, सगळंच गेलं. रोन्डाचा जीव तुटत होता. पाना धरायला तिला डॅडनीच शिकवलं होतं.

“इंजिन थंड आहे अजून,” डॅड म्हणाले. “तापू दे, मगच अडकतो तो.”

“तापेल की, ख्रिसमसपर्यंत,” कर्ट म्हणाला.

रोन्डाने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. तापमानाचा काटा चढल्याचं डॅडनी सांगेपर्यंत ती बॉनेटपाशी उभी राहिली. मग पंप दाबला. इंजिन अडखळलं. तिने हवा सोडली.

या वेळी ते सावरलं नाही. हादरलं, आचके दिले आणि बंद पडलं. तिने पान्याने व्हॉल्व्हवर हलकेच ठोकलं. टक्कन तो मिटला.

“अडकला होता!” ती ओरडली. तिचे डोळे भरून आले. “बघितलंस, कर्ट? डॅडची काही चूक नव्हती!”

कर्टचा हात खाली गेला. “सॉरी, डॅड,” तो पुटपुटला.

डॅडनी चावी काढली. खिडकीतून वाकून त्यांनी कर्टचा हात धरला आणि ती त्याच्या तळहातावर ठेवली.

“गाडी बंद पडली, तो दोष गाडीचाच,” ते म्हणाले. “पण मालगाडीची शिट्टी वाजत होती. तुमची आई मला गदागदा हलवत होती, उतर म्हणून. आणि मला दार कसं उघडतात, तेच आठवत नव्हतं.”