फाटकापाशी उरलेली सायकल

"तू बाहेर बस मीरा, मला नीट बघू दे," रत्नाकरराव बायकोला म्हणाले आणि कलादालनात पुन्हा त्याच चित्रासमोर येऊन उभे राहिले.

कारखान्याचं फाटक. पाळी सुटून माणसं गेलेली. एकच सायकल उरलेली, हँडलला डबा.

तीन वर्षांत त्यांची एकही कथा छापून आली नव्हती. दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोनवर स्पष्टच सांगितलं होतं, "नवं काही असेल तरच पाठवा. हे शेवटचं." मुदतीला दोन दिवस उरले होते.

वहीत: रोज संध्याकाळी एक बाई फाटकापाशी येते. नवऱ्याच्या सायकलीत हवा भरते. परत जाते.

कुणी कानात सांगावं तशी वाक्यं येत गेली.

वहीत: नवरा काही मेलेला नाही. त्याने स्कूटर घेतली. सायकल विसरला, एवढंच.

मीरा डोकावली. "अहो, चहा थंडा होऊन राहिला."

"होऊ दे! काहून मधे मधे करतेस? इथे कथा जन्मते आहे."

मीरा किंचित हसली. गेली.

वहीत: एक दिवस बाई हवा भरते आणि स्वतःच सायकलवर बसते. पनागरच्या रस्त्याला लागते. मागे बघत नाही.

पाच वाजता त्यांनी तिथंच कथा वाचून दाखवली. मराठी मंडळातली आठ-दहा माणसं होती. ज्या वैभवीची ही चित्रं, ती पोरगी लहानपणी चेरीतालच्या घरी मीराकडे शिकवणीला यायची. तीही होती.

टाळ्या पडल्या. मित्र श्रीपादने पाठीवर थाप मारली. "क्या बात है! आम्ही समजलो, तू संपला."

"इतक्यात नाही संपत मी." रत्नाकरराव वैभवीकडे वळले. "चित्र ठीक आहे, बेटा. पण नुसती रिकामी सायकल. गोष्ट त्यात मी घातली."

वैभवी त्यांच्याकडे बघतच नव्हती.

"काकू," ती मीराला म्हणाली, "शिकवणीत तुम्ही सांगितलेल्या तुमच्या गोष्टीवरून हे चित्र बनवलं, ते तुम्ही काकांना सांगितलं होतं? त्यांच्या कथेचा शेवट पण तोच आहे."

मीरा कप गोळा करत होती. "नाही गं. बारा वर्षांखाली एकदा यांना ती वाचून दाखवली होती, तेवढीच. म्हणाले, यात गोष्ट कुठं आहे?"